तिसऱ्या घंटेपर्यंत

आमच्या गावची घंटा म्हणजे गॅसचं एक रिकामं सिलिंडर. किनाऱ्याजवळच्या नीरफणसाच्या फांदीला साखळीने टांगलेलं. संध्याकाळी लोखंडी सळईने ते तीनदा बडवायचं. पहिल्या घंटेला घराकडे पळायचं, दुसरीला घरोघरी प्रार्थना सुरू, तिसरीला सुटका. दुसरी ते तिसरी या मधल्या वेळेला आम्ही 'सा' म्हणतो. सा लागली की घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंच, तर रस्त्यावर पहाऱ्याला उभे असलेले तरुण पकडतात आणि घरातलं एक डुक्कर जातं. पहारेकऱ्यांशिवाय बाहेर राहायची मुभा एकाच माणसाला, घंटा वाजवणाऱ्याला.

हे मी ठणकावून सांगते, कारण महिला समितीची प्रमुख मी आहे. आमच्या सामोआ बेटावरच्या दहा गावांत आमच्याइतकी कडक सा कुठे पाळत नाहीत, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे.

माझी धाकटी बहीण सेलेपा माझ्याकडेच राहते. तिची छाती धडधडायची. नवरा मेला असता, मूल गेलं असतं, तर लोकांनी समजून घेतलं असतं. हिचं काहीच गेलं नव्हतं. प्रार्थनेला सगळे दाटीवाटीने बसले की हिचे हात कापायला लागायचे, ओठ पांढरे पडायचे. छप्पर डोक्यावर येतंय म्हणायची. छप्पर जागच्या जागी होतं. माझ्या नवऱ्याने, इओसेफाने, ते त्याच वर्षी नवीन घातलं होतं.

गावाने सगळे उपाय केले. एका म्हातारीने पाला चोळला. चर्चच्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाले, "विश्वास कमी पडला की तिथून भीती आत शिरते." झालं. त्या दिवसापासून सेलेपा गावाच्या लेखी कमी विश्वासाची ठरली. चर्चच्या पायरीवर बायका कुजबुजायच्या, "आली बघा थरथरी कोंबडी!" नाव मीच पाडलं होतं.

मग घंटा वाजवणाऱ्या तोफिगाआजोबांचे गुडघे गेले. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही, त्यांनी सळई सरळ सेलेपाच्या हातात दिली. "हिचे हात नाहीतरी हलतच असतात," ते म्हणाले. गाव हसलं आणि विसरून गेलं.

तीन महिन्यांत सेलेपा बदलली. जेवायला लागली. रात्री झोपायला लागली. अळूचे कंद सोलताना चक्क गुणगुणायला लागली. एक दिवस मी हटकलंच.

"काय करतेस गं तिथे, दोन घंटांच्या मध्ये?"

"काही नाही ताई. झऱ्याजवळच्या काळ्या दगडावर बसते."

"प्रार्थना तरी करतेस की नाही?"

"मागत काही नाही. ओहोटीला वाळूतून गोडं पाणी वर येतं ना, ते बघत बसते. वटवाघळं डोंगराकडे निघतात. वाटतं, एवढं सगळं प्रभूने धरून ठेवलंय, त्यात मी कितीशी जड होणार? मग छाती आपोआप शांत होते."

मला आनंद व्हायला हवा होता. माझा जळफळाट झाला. वीस वर्षं मी चटईला कपाळ टेकते आहे. पहाटे माझीही छाती अशी धडधडते की शेजारी झोपलेल्या इओसेफाला ऐकू जाईल म्हणून मी कूस बदलते. पण समितीच्या प्रमुखाने थरथरायचं नसतं. आणि ही बया दगडावर नुसती बसून बरी होते!

तशात तिसरी घंटा उशिरा व्हायला लागली. आधी थोडी, मग बरीच. शेवटचं आमेन होऊन घर ताटकळत बसायचं, नारळाच्या दुधातली भाजी गार व्हायची. "देवबाप ऐकून दमला असेल," इओसेफा म्हणायचा, "आता तरी वाजव म्हणावं."

"सेलेपा, घंटा गावाची आहे," मी तिला भर समितीत सुनावलं. "तुझ्या औषधाची बाटली नाही."

ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं ताई." चार दिवस घंटा वेळेवर झाली. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

त्या संध्याकाळी मी मागच्या दाराने बाहेर पडले. होय, सा लागलेली असताना, मीच. केळींच्या आडून गेले, म्हणजे पहारेकऱ्यांना दिसायला नको. तिला दंडाला धरून ओढत आणायचं ठरवलं होतं. ती दगडावर बसली होती, पाय पाण्यात. मला बघून दचकली नाही.

"बस ना ताई जरा."

खरडपट्टी काढायची म्हणून बसले. पाय पाण्यात गेले. वरचं पाणी समुद्राचं, कोमट, आणि खालून तो गार झरा तळव्यांना लागला. वटवाघळं निघाली होती. सेलेपाने माझा हात हातात घेतला, तिचा अजिबात कापत नव्हता. माझ्या छातीतलं काहीतरी वीस वर्षांनी सुटलं. मी रडले. इतकी रडले की घंटा तिच्याही लक्षात राहिली नाही आणि माझ्याही.

अंधार पडला. बॅटऱ्या आल्या. पहारेकरी पुढे, मागे पाळकसाहेब. सारं गाव तासभर गुडघ्यांवर बसून होतं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून उठवावं लागलं होतं. तिसऱ्या घंटेशिवाय उठायची कुणाची हिंमत झाली नव्हती. ती शिस्त मीच लावली होती.

"काकू, तुम्ही इथे?" पुढचा पोरगा चाचरला.

"हिला न्यायला आले," मी म्हणाले.

"तूही बसली होतीस?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी? सा चालू असताना? हिला ओढून ओढून दमले. हलतच नाही मेली."

प्रभूला पकडून नेल्यावर 'मी त्याला ओळखतच नाही' म्हणणाऱ्या शिष्याची आणि ते खोटं बोलताच आरवलेल्या कोंबड्याची गोष्ट रविवारच्या शाळेत मीच शिकवते. कोंबडा आरवला नाही. आमचे कोंबडे त्या वेळी झाडावर झोपलेले असतात.

बॅटरीचा उजेड माझ्या लुंगीवर पडला होता. गुडघ्यांपर्यंत चिंब होती. सेलेपाने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई न्यायलाच आली होती," ती म्हणाली. "मीच हट्ट केला."

पंचांनी दुसऱ्या दिवशी निकाल दिला. एक डुक्कर, आणि सेलेपाने यापुढे पहिल्या घंटेपासून घरात बसायचं. शिक्षा कमी वाटली म्हणून की काय, सर्वांदेखत माझं कौतुकही झालं. जिने बहिणीचीही गय केली नाही, अशा बाईच्या हाती घंटा सुरक्षित राहील, असं ठरलं. सळई मला मिळाली.

आता दुसरी घंटा झाली की मी दगडावर जाऊन बसते. पाय पाण्यात सोडते. पहाटेची धडधड गेली. चेहरा उजळलाय, असं पाळकसाहेबसुद्धा म्हणतात.

घरात सेलेपा खांबाला टेकून बसते, चटईची कड मुठीत धरून. इओसेफा सांगतो, ती तिसऱ्या घंटेपर्यंत आकडे मोजते. आधी पाचशेला घंटा व्हायची. काल नऊशे झाले, आणि मग तिला आकडे आठवेनात. मी घरी गेले की ती एवढंच विचारते, "पाणी आलं होतं का गं वर?"

"आलं होतं," मी सांगते.

उद्या नक्की वेळेवर वाजवीन, असं मी त्या दगडावर बसून प्रभूला रोज कबूल करते. तिथे कबूल केलं की मन फार शांत होतं.