मस्तच म्हणायचं

हसऱ्या माणसाची मला आता भीती वाटते. त्यापेक्षा चिडका माणूस परवडला. तो दारं आपटतो, तुमच्या नावानं बोटं मोडतो, पण त्याला काय होतंय ते तुम्हाला कळतं तरी. मी स्वतः त्यातलीच. राग माझ्या नाकावर असतो, असं माझे वडील म्हणायचे आणि म्हणताना माझ्यापासून चार हात लांब उभे राहायचे.

आमचं दाढी-कटिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. पुढच्या भागात माझा धाकटा भाऊ पुरुषांचं बघायचा, पडद्यामागे मी बायकांचे केस कापते. भावाला सगळे बारक्या म्हणतात. लहानपणी काडीसारखा होता म्हणून पडलेलं नाव. पुढे तो असा सुटला की खुर्चीमागून वळताना आधी त्याचं पोट वळायचं आणि मग तो, पण नाव काही बदललं नाही. त्यानं लग्न केलं नाही, मी केलं आणि मोडलं. घरात आम्ही दोघंच, एकमेकांवर खेकसत सुखात होतो.

वस्तरा आम्हा दोघांनाही वडिलांनी शिकवला. वस्तरा गालावर असताना दुकानात कोणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. धार चालू असताना हात दचकून चालत नाही. समजा थांबवायचंच असेल, तर हाक मारायची नाही. मागून जायचं आणि कोपराखाली तळहात लावायचा. कोपराखाली हात आला की वस्तरा सरळ वर उचलायचा, का म्हणून विचारायचं नाही. शिकवताना त्यांनी इतक्यांदा हात लावला की ते आमच्या हाडात बसलं. बारक्या दूध पित असला की मी मुद्दाम मागून कोपराखाली हात लावायचे. पेला वर जायचा, दूध नाकावर, आणि मग आमची जुंपायची.

तर बारक्याला शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि पाव, भात, बटाटे, गोड कमी करायला सांगितलं. तो करायचा. म्हणजे सोमवारी करायचा. तोंड पाडून काकडी चघळायचा, गिऱ्हाइकांवर वैतागायचा, आणि बुधवार उजाडेपर्यंत जिन्याखाली उभा राहून पाव खाताना सापडायचा. "मग जगायचं तरी कशाला?" असं भरल्या तोंडानं मलाच विचारायचा. मी त्याचा उद्धार करायचे, तो माझा करायचा. पण त्याच्या पायाला एक जखम होती ती काही केल्या भरेना. वडिलांचा पाय असाच गेला होता आणि पायामागून वडील. मला माझं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं. ते असं पावापायी घालवायला मी तयार नव्हते.

अशात हसरे सर आले. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, हे मी ठेवलेलं. आले दाढी करायला. शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये ते एक गट चालवायचे. सगळी पाव-भात सोडलेली मंडळी. सरांचं म्हणणं असं, की पथ्य पोटामुळे मोडत नाही, तोंडामुळे मोडतं. भूक लागली, कंटाळा आला, जमत नाही, असं एकदा म्हटलं की संपलं. म्हणून कुणीही, कधीही, कसं वाटतंय विचारलं तर मस्तच म्हणायचं. आणि म्हणताना हसायचं.

मी पडद्यामागून विचारलं, "आणि दाढ ठणकत असेल तर?"

"तरी मस्त, ताई," सर म्हणाले. बारक्या खदाखदा हसला. त्या संध्याकाळी तो हॉलवर गेला.

आता खोटं कशाला बोलू? लागू पडलं. माझ्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते त्या हसण्यानं झालं. ताटात अंडी, मासे, पालेभाजी बघून तो म्हणायचा, "वा! राजाचं जेवण आहे." म्हणता म्हणता त्याला ते गोडही लागायला लागलं. जिन्याखाली तो पुन्हा सापडला नाही. पँट कमरेवर गोळा व्हायला लागली आणि पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. जखम सुकली, तेव्हा मी मोरीत जाऊन रडून घेतलं. सरांसाठी स्वतः चहा केला, यावरून काय ते समजा.

मग ते वाढत गेलं. बारक्यानं दुकानाच्या आरशावर वरच्या कोपऱ्यात कागद चिकटवला, त्यावर एकच शब्द. वस्तऱ्याला धार लावताना तो त्याकडे बघून हसायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, एक मागू? घरात वाईट बोलायचं नाही. तुझी नकारघंटा ऐकली की माझे पाय डगमगतात. वचन दे."

"मी काय वाईट बोलते रे?"

"बघ, हेच," तो म्हणाला. इतकं प्रेमानं म्हणाला! दिलं वचन. सरांच्या सांगण्यावरून घरातला साखरेचा कणन्‌कण काढला. डबा मी स्वतः पलीकडच्या शिंपीणबाईंना देऊन आले आणि फिका चहा प्यायला लागले. भावासाठी माणूस काय करत नाही!

गोळ्या मात्र चालूच होत्या. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खाणं कमी केलंत की मला येऊन दाखवा, गोळ्याही कमी कराव्या लागतील, नाहीतर साखर नको तितकी खाली जाईल. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर आधी गोड खा आणि लगेच या. मी त्याला दोनदा आठवण केली. तो म्हणाला, "दवाखान्यात जायचं म्हणजे आजाराचं नाव काढायचं. सर म्हणतात, त्याला बोलावूच नका." मग निदान गोळ्या तरी थांबव, म्हटलं. तर त्यालाही नाही. गोळ्याही पथ्यातच आल्या आणि पथ्यात कच्चं काही ठेवायचं नाही म्हणे. जेवण निम्म्यावर आलं आणि गोळ्या होत्या तितक्याच राहिल्या.

आणि मग मला दिसायला लागलं. सकाळी गार हवेत त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. एका गिऱ्हाइकाचा भांग त्यानं पाडला, पुसला, पुन्हा तिथेच पाडला, पुन्हा पुसला. तो माणूस आरशात माझ्याकडे बघायला लागला. मी विचारलं, "बारक्या, बरं वाटतंय ना?"

"मस्त!"

"घाम बघ किती आलाय."

"जुनं विष बाहेर पडतंय," तो म्हणाला. "त्याला हसून निरोप द्यायचा असतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खड्ड्यात गेलं ते वचन! मी ओरडले. सरांच्या सात पिढ्या काढल्या, आरशावरचा कागद फाडला, वरच्या खोलीत जाऊन गोळ्या आणल्या आणि त्याच्यासमोर आपटल्या. आणि तो उलट ओरडला नाही. जन्मात पहिल्यांदा. तो नुसता माझ्याकडे बघत हसत राहिला, तोंडओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तसं, आणि मग फाटका कागद उचलून शांतपणे पुन्हा चिकटवायला लागला. मी म्हटलं, "शनिवारी मी तुला फरफटत दवाखान्यात नेणार आहे."

"मस्त," तो म्हणाला. "जाऊ."

शनिवार यायच्या आतच ते झालं. सकाळची वेळ. सरांना कुठेतरी भाषणाला जायचं होतं म्हणून ते दाढीला आले. बारक्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भूकच नाही म्हणाला होता, आणि गोळी मात्र घेतली होती. मी पडद्यामागे केर काढत होते. वस्तऱ्याचा खरखर आवाज येत होता. मग तो थांबला. मी वाट बघितली. आवाज पुन्हा सुरू झाला, पण कोरडा. साबण नसलेल्या कातडीवर वस्तरा चालला की कसा आवाज येतो ते मला झोपेतही कळेल.

मी पडदा बाजूला केला.

आरशात दोन चेहरे होते आणि दोन्ही हसत होते. सरांचा एक गाल पांढऱ्या फेसात, दुसरा साफ. साफ गालावर बारक्या वस्तरा फिरवत होता, तिथल्या तिथेच. कातडी लाल झाली होती. मग वस्तरा हनुवटीखाली उतरला आणि गळ्याच्या घाटीपाशी येऊन थांबला. बारक्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब सरांच्या कपाळावर पडला. सरांचं हसू तसंच होतं, पण डोळे आरशात मला शोधत होते. बोलायची त्यांची हिंमत नव्हती. माझीही नव्हती. मी त्याला हाक मारली असती तर तो हाकेकडे वळला असता, आणि हातही वळला असता.

मी चपला काढल्या. ते चार पावलांचं दुकान मला संपता संपेना. त्याच्या मागे पोहोचले, तर त्याच्या अंगातून ओल्या भिंतीसारखा गारवा येत होता. मी त्याच्या कोपराखाली तळहात लावला.

वस्तरा सरळ वर गेला. त्यानं का म्हणून विचारलं नाही. मी वस्तरा त्याच्या बोटांतून काढून घेतला. सर खुर्चीतून जवळजवळ पडलेच.

"बारक्या, गोड खायचंय तुला. आत्ता!"

"नाही ताई," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "जमतंय माझं. मोडायचं नाही."

"अहो, सांगा त्याला!" मी सरांवर ओरडले. "माझं ऐकत नाही तो, तुमचं ऐकेल. खा म्हणून सांगा!" आणि मी गोड आणायला पळाले, कारण घरात साखरेचा कण नव्हता. शिंपीणबाईंच्या दाराला कुलूप. माझाच डबा त्या कुलपामागे. तशीच कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे धावले, अनवाणी, आणि त्याची साखर न विचारता उचलली. तो मागून ओरडत राहिला.

परत आले तेव्हा बारक्या जमिनीवर होता. सर गुडघे टेकून त्याचा हात धरून बसले होते, अर्ध्या गालावर फेस वाळत चाललेला. ते म्हणत होते, "छान. श्वास घ्या. हसा. सगळं मस्त आहे." त्यांचा आवाज कापत होता. मला वाटतं त्यांना दुसरं काही बोलताच येत नव्हतं. बारक्याचे दात घट्ट मिटलेले होते आणि हातपाय झटके देत होते. साखर त्याच्या ओठांवरून गळ्यावर सांडली. दवाखान्याची गाडी यायला फार वेळ लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याला साखर लागतेच, ती फार वेळ मिळाली नाही. आधीही असं थोडंथोडं होऊन गेलेलं असणार, तेव्हाच यायला हवं होतं. पाव-भात सोडल्यानं काही बिघडलं नाही, म्हणाल्या, ते चांगलंच चाललं होतं. "त्यांना त्रास होत होता, ते बोलले कसे नाहीत?" सर एकदा भेटायला आले. खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "किती शांत दिसताहेत." त्यावर मी त्यांना जे ऐकवलं ते ऐकून नर्स धावत आली. ते पुन्हा आले नाहीत. गट चालू आहे, असं ऐकते.

बारक्या आता घरी आहे. चालतो, भरवलं तर जेवतो, माझ्याकडे बघून हसतो. शब्द मात्र एकच उरलाय. पाणी हवंय का? मस्त. थंडी वाजतेय? मस्त. परवा गरम भांड्याला त्याचं बोट चिकटलं, मी किंचाळले, आणि तो मस्त म्हणाला. मी त्याला ढोसते, चिडवते, त्याच्या वाटचं ताट ओढून घेते. एकदा तरी खेकस रे माझ्यावर, म्हणते. आरशावरचा कागद मी खरवडून काढला, पण त्याचा डिंक तिथे राहिलाच आहे.

काल दुपारी दुकान बंद करून मी त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि दाढी करायला घेतली. वडिलांचा नियम मी आता पाळत नाही. वस्तरा चालू असताना मी सारखी बोलत असते, लागतंय का, दुखतंय का, सांग की. तो आरशात हसत होता. त्या हसण्याकडे बघून माझे डोळे भरून आले आणि हात चुकला. हनुवटीखाली बारीक लाल रेघ उमटली.

"लागलं का रे?" मी विचारलं. "लागलं म्हण. बाबा रे, एकदा तरी नको म्हण."

"मस्त," तो म्हणाला.

मी तशीच उभी राहिले, वस्तरा त्याच्या गळ्याशी. मग त्याच्या अंगावरच्या चादरीखाली काहीतरी हललं. त्याचा हात बाहेर आला, हळूहळू, चाचपडत, आणि चेहऱ्यावर ते हसू तसंच असताना त्याचा तळहात माझ्या कोपराखाली येऊन टेकला.

मी वस्तरा सरळ वर उचलला.