निवांत दुपार

ऑफिसात चक्कर येऊन पडल्यावर हर्षवर्धननं नोकरी सोडली. आग्रह बायकोचाच होता. "माझा पगार आहे ना? तू आधी माणसात ये," दीपिका म्हणाली.

परळच्या घरी बसून करायचं काय, म्हणून तो नायगावला आईकडं वाकळ शिवायला शिकला. कांताबाई आधी हसल्या. "थंडी वाजायची म्हणून शिवायचो रे आम्ही. तुला काय कमी हाय?" पण शिकवलं त्यांनी. हिंदमाताच्या कापडबाजारातल्या शिंप्यांकडून चिंध्या आणायच्या, जुन्या लुगड्यांचे थर लावायचे आणि धावदोरा घालत कडेकडेनं आत यायचं. हळूहळू त्याला झोप लागू लागली. हातांची थरथर थांबली. स्वयंपाकही तोच करायचा. दीपिका ऐरोलीच्या ऑफिसातून दमून आली की दोघं जमिनीवर बसून सावकाश जेवायची. एकदा घास हातात धरून ती म्हणाली, "लग्नाआधीचा तू परत आलास."

शिवायला बसताना तो फोन बंद करून कपाटात ठेवायचा. तिला ते ठाऊक होतं. आवडायचंही.

दीपिकाचे वडील सीताराम जवळच्याच चाळीत एकटे राहायचे. एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. शेजारच्या कालिंदीताईंनी त्यांना टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं आणि दीपिकाला कळवलं. ती तशीच निघाली. वाटभर हर्षवर्धनला फोन लावत राहिली. हॉस्पिटल त्याच्या खिडकीतून दिसायचं. तो खाली मान घालून लाल ठिगळाचा कोपरा दुमडत होता.

संध्याकाळी फोन चालू केला आणि तो धावत सुटला. दीपिका हॉस्पिटलातल्या बाकावर बसली होती. कालिंदीताई डोळे पुसत म्हणाल्या, "सारखं विचारत होते, जावई आले का, जावई आले का."

दीपिका ओरडली नाही. "तू इथं समोर होतास, हर्ष," एवढंच म्हणाली.

सीतारामांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यानं सतरंज्या घातल्या, पंगत वाढली, भांडी घासली. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "मी पप्पांच्या खोलीतच राहते थोडे दिवस."

त्या थोड्या दिवसांचे महिने झाले. त्यानं पुन्हा नोकरी धरली. एका रविवारी तो तिच्याकडं गेला.

"मी शिवणं सोडलं, दीपा."

"मी कुठं सांगितलं सोडायला?" ती म्हणाली. "तू बरा व्हावास असं मलाच वाटत होतं रे. तुझी चूकही नाही. पण तुला बघितलं की दाराकडं डोळे लावलेले पप्पा दिसतात."

"मग मी काय करू?"

"मला नाही माहीत."

तिनं चहा केला. तो पिऊन हर्षवर्धन उठला. निघताना सवयीनं तिनं त्याची कॉलर सरळ केली आणि हात पटकन मागं घेतला.

तो तिथून आईकडं गेला. कांताबाईंनी जेवायला तीन ताटं मांडली होती. त्याच्या मागं कुणी येतंय का, म्हणून त्या थोडा वेळ जिन्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी एक ताट उचलून मांडणीवर ठेवलं.