चिंचेला भिणारा कोंबडा

मी एक जुना तांब्याचा पैसा आहे, मित्रांनो. पण स्वतःला पैसा म्हणतानाही मी बिचकतो, कारण सरकारने मला कधी पाडलंच नाही. फार वर्षांपूर्वी सिंगापूरच्या बाजारात सुट्ट्या नाण्यांची टंचाई झाली. तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःच विलायतेतल्या कारखान्यातून मला घडवून आणलं. एका बाजूला कोंबडा, दुसऱ्या बाजूला मलय भाषेतली अक्षरं. मासळी, केळी, विड्याची पानं, सगळीकडे मी चाललो. कोंबडा बघितला की लोक मला बिनधास्त घ्यायचे. मग सरकारी नाणी आली आणि मला कुणी हातात धरेना.

पुढे मी डब्यातच पडून होतो. १९९४ साली पद्माकरने मला सिंगापुरातल्याच सुंगे रोडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून सेरंगून भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. तो बोटीवर इंजिनियर. घरी बायको नीता आणि लेक चैत्राली. बोटीवर निघताना त्याने मला चैत्रालीच्या हातात ठेवलं. "मी नसलो की हा कोंबडा तुला शाळेसाठी उठवील हं!"

तेव्हापासून रोज सकाळी ती कोंबड्यावरून बोट फिरवते. तो आधीच इतका झिजलाय की मला सारखी धास्ती, हा पुसला गेला तर पोरीने बाबांची आठवण कशात शोधायची?

आणि गेल्या वर्षी दिवाळी आली. नीताने पूजेची तांब्याची भांडी ओट्यावर काढली. तांब्या, ताम्हन, पळी आणि त्यांत मीही! चिंच-मीठ लावून तिने माझी अक्षरांची बाजू खसाखसा घासली. अक्षरं पुसट झाली. अरे देवा, आता तिने मला उलटं केलं.

"आई, डोन्ट ला! बाबांचा कोंबडा जाईल!" इथल्या पोरांसारखं इंग्रजीला 'ला' जोडत चैत्राली रडतच धावत आली.

"अगं, लक्ष्मीपूजनाला असलं काळंकुट्ट नाणं ठेवतात का?"

तरी नीताने मला उजेडात धरलं. कोंबडा नीट दिसला आणि तिचा हात थांबला. तिने मला गाऊनला पुसलं आणि तसंच काळं पाटावर ठेवलं.

पूजा आटोपली, तोच कुठल्याशा बंदरातून पद्माकरचा फोन आला. "काय, आरवतो का कोंबडा?"

"आरवतो हो. आज माझ्यावरच आरवला," नीता म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा काळा थर म्हणजे नुसता मळ नसतो. घासण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा, एवढीच कळकळीची विनंती. यंदाची दिवाळी उद्यावर आलीय. ओट्यावर चिंच भिजतेय, आणि चैत्रालीने मला मुठीत घट्ट धरून ठेवलंय.