पाचवं शील

मोरीत तांब्या घरंगळल्याचा आवाज झाला आणि चांगुणा तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावली. नवरा, धोंडीराम, भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. तोंडभर साबणाचा फेस, डोळे घट्ट मिटलेले, कपाळातून रक्त येत होतं. तिने काखेत हात घालून त्याला उठवलं, पदराने फेस पुसला आणि जखम बघायच्या आधीच नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं.

धोंडीरामने डोळे उघडले.

"आला वास?"

"भाकर जळाली वाटतं," म्हणत ती आत वळली.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. सातपूरच्या कारखान्यातून सुटला की धोंडीराम वस्तीतल्या विहारात असायचा. रविवारची वंदना तोच सांगायचा. तो पुढे म्हणायचा, मागून सगळे. वस्तीतली दारू हटवायलाही तोच पुढे झाला होता. झुंबरची भरलेली बाटली त्याने चार लोकांदेखत गटारीत ओतली होती. आणि आता हात जोडून डोळे मिटले की हाच धोंडीराम झुलायला लागला होता. मागच्या खेपेला तर पाचवं शील, म्हणजे दारूला न शिवण्याचं, सांगता सांगता तो समोरच्या मेणबत्त्यांवर पडणारच होता. म्हाताऱ्या भिमाजीबाबांनी सदरा धरून मागे ओढला म्हणून वाचला.

बाहेर चपला पायात सरकवत झुंबर म्हणाला,

"दादा, आमची गटारीत अन् तुमची पोटात का?"

लोक हसले. धोंडीरामही हसला. त्यानंतर तो विहाराकडे फिरकला नव्हता.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी कपाळाला टाके घातले. चांगुणाने मोरीतलं सांगितलं, मग थोडं थांबून वंदनेचंही सांगितलं.

"म्हणजे डोळे मिटले की तोल जातो?"

"हो. एरवी चांगले चालतात."

डॉक्टरांनी धोंडीरामला आडवं केलं, डोळे मिटायला सांगितलं आणि त्याच्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलवला.

"वर आहे की खाली?"

"वर."

अंगठा खाली होता.

"आता?"

"खाली."

आता तो वर होता. चांगुणाच्या ओठांवर उत्तर आलं, पण डॉक्टरांनी बोट उचलून तिला गप्प केलं. धोंडीरामचा चेहरा निर्धास्त होता. लेकीला पाढे सांगताना असायचा, तसा.

"आपण कुठे आहोत हे पाय सारखं आत कळवत असतात," डॉक्टर म्हणाले. "यांच्या नसांतून ती खबर नीट पोचत नाही. उजेडात डोळे सांभाळून घेतात. डोळे मिटले की संपलं." त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली. "बरंचसं सुधारेल, पण महिने जातील. तोवर तोंड धुताना भिंतीला बोट टेकवा. धरायला नको, नुसतं टेकलं तरी शरीराला पत्ता लागतो."

बसथांब्यावर चांगुणा म्हणाली, "रविवारी सांगून टाकू सगळ्यांना."

"काय सांगू? पाय कुठं हायेत ते कळत नाय? पिणारा दुसरं काय सांगतो?"

तिला हसू आलं. त्याला आलं नाही.

"मग डोळे उघडे ठेवून म्हणा."

"पोराटोरांना दटावून मिटायला लावले मी. आता मीच टकामका बघत उभा राहू?" बस येताना दिसली तसा तो हळू आवाजात म्हणाला, "लोकांचं सोड. तू वास घेतलास."

घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

रविवारी तिने त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून खाटेवर ठेवला.

"मी येत नाय."

"मी तर येतेय ना," ती म्हणाली, आणि दारात उभी राहिली ती तो सदरा घालेपर्यंत.

विहारात डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. धोंडीराम मूर्तीसमोर गेला तशी मागे कुजबुज झाली. चांगुणा आधी लंकाबाईशेजारी थांबली. मग बायकांची रांग सोडून सरळ पुढे गेली आणि नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली.

"पोरी, बायांची जागा तिकडं," भिमाजीबाबा पुटपुटले.

"माहीत हाय, बाबा."

तिने हात जोडले. तिचं कोपर त्याच्या कोपराला टेकलं. धोंडीरामने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

पहिल्या ओळीला त्याचा आवाज बसका निघाला, मग मोकळा झाला. त्याचं अंग एका बाजूला जाऊ लागलेलं तिला कोपरातून कळे. ती ढकलत नव्हती, धरतही नव्हती, आणि ते आपोआप परत येई.

पाचव्या शीलाला तिने मान किंचित वळवली. मागच्या मिटलेल्या डोळ्यांत दोन डोळे उघडे होते. झुंबर धोंडीरामच्या पायांवर नजर लावून होता. शील संपलं. पाय जागचे हलले नाहीत. झुंबरची नजर हळूहळू वर चढली आणि दोन कोपरं टेकली होती तिथे येऊन थांबली. मग त्याने चांगुणाकडे पाहिलं. तिने नजर काढली नाही.

झुंबरने डोळे मिटले.

मग चांगुणानेही.