वेलियाचे रवे

प्राचीन इटलीतल्या एत्रुस्कांच्या किस्रा नगरात सोनार पुष्कळ, पण रव्याचं काम करावं ते सेथ्रे आणि वेलिया या नवराबायकोनंच. मोहरीचा दाणा ज्यांच्यापुढे धोंडा वाटेल असे सोन्याचे रवे वेलिया एकेक करून दागिन्यावर डिंकानं बसवायची. मग सेथ्रे नळीनं विस्तव फुंकायचा. फुंकताना त्याचे डोळे पाण्यानं भरत, म्हणून सोन्यावर नजर ठेवायची ती वेलियाच. सोनं लखकन चमकलं की ती म्हणायची, "पुरे!" तेवढ्यात रवे चिकटलेले असत. वर एक फुंकर जास्त झाली, की सगळ्याचा गोळा.

परवा वेलिया तापानं गेली. तिनं रवे बसवलेली, वस्त्र खांद्याशी अडकवायची सोन्याची पिन अजून कच्चीच, भाजायची राहिलेली होती. आज दिवस मावळायच्या आत थडग्याचं दार लागणार होतं, आणि ती पिन अंगावर घातल्याशिवाय सेथ्रे तिला जाऊ देणार नव्हता. पण भाजायची कुणाच्या नजरेवर?

"मी बघते की," वेलियाची थोरली बहीण रम्था म्हणाली. या बाईच्या तोंडाचा पट्टा आजवर कुणी थांबलेला पाहिला नव्हता.

"अक्का, चमकलं की लगेच 'पुरे' म्हणा. उशीर झाला तर तिच्या हातचं हे शेवटचं काम गेलं."

"कळलं रे. एवढंसं तर काम! याच्यापायी डोळे फोडून घेतले पोरीनं. हजारदा म्हटलं, बाई गं, अंजीर विक, सुखात राहशील."

सेथ्रे फुंकू लागला. कानाशी रम्था चालूच. "काही होत नाहीये. काळंच दिसतंय. डिंक जळला वाटतं. बघ, मी म्हणत नव्हते, हे असलं..."

आणि रम्था गप्प झाली.

सेथ्रेनं झटक्यात नळी ओठांपासून काढली. 'पुरे' कुणी म्हटलंच नव्हतं. पण हिची बोलती बंद करील असं त्या विस्तवात दुसरं होतं तरी काय?

त्यानं डोळे पुसून पाहिलं. पिनेवर सिंहांची रांग होती. आयाळीतला रवा न् रवा सुटा, आणि तरी सोन्यात रुजलेला. माणसाच्या हातानं हे व्हावं! जन्मभर पाहूनही त्याच्या अंगावर काटा आला.

"ही अशी होती होय माझी धाकटी?" रम्था म्हणाली. "मी कधी नीट पाहिलंच नाही रे." पिन निवल्यावर ती जवळ वाकली. "पण ही कडेची ओळ वाकडी गेलीय. आधी दिसली नाही तुला?"

"दिसली होती. चिमट्यानं सरळही झाली असती. पण ती तापात बसवलीय तिनं, हात कापत होता. म्हटलं, राहू दे तशीच."

रम्थानं त्या वाकड्या ओळीवरून बोट फिरवलं. मग नखानं एकेक रवा हलवून पाहिला. एकही हलला नाही.