भुंग्याचा कुंचला

“काका, श्वास नका सोडू. काच धुरकटते.”

“किती वेळ धरू? तुमचं बघून होईतो मी वर पोचायचो,” भुंगा म्हणाला, पण श्वास धरलाच.

सूक्ष्मदर्शकावर वाकलेली संशोधक ताई हसली नाही. एरवी हसायची. बियाण्यांच्या त्या संशोधन केंद्रात भुंग्याच्या कोट्यांना हसणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

भुंग्यानं जन्मभर एकच काम केलं. काचघरात कुंचल्यानं नरफुलातले पराग उचलायचे आणि मादीफुलात नेऊन टेकवायचे. म्हणून भुंगा. एकदा तो नुसता शिंकला, तर भिंतीपलीकडच्या भोपळ्याला फळ धरलं, असं लोक सांगत. आणि लोकांत सगळ्यांत मोठ्यानं तोच सांगे. कुंचला मात्र खरोखर नवलाचा होता. लग्न झालं त्या वर्षी बायकोच्या केसांची एक बट मागून घेऊन त्यानं तो बांधला होता. “खारीच्या शेपटीलाही ही सर नाही,” असं तो मिरवे, तेव्हा बायको म्हणे, “नशीब माझं, तुम्हाला तिथं खराटा लागत नाही!”

यंदा त्या कुंचल्याची कसोटी होती. खरबुजाचं एक जुनं वाण. मुळांना मर रोग म्हणून लागायचा नाही. साठवणीतलं बी कुजलं आणि वाचलेल्यांतलं एकच रुजलं. त्याची फांदी खोचून पाहिली, ती सडली. कलम केलं, ते वाळलं. आता या एका वेलानंच फळ धरायचं आणि त्यात बी भरायचं, नाहीतर वाण बुडालं.

वेल बहरला मात्र असा, की पानं शोधावी लागावीत. भुंगा रोज पहाटे कुंचला फिरवत होता. आणि मादीफुलांमागची लवेची इवली इवली खरबुजं एकामागून एक पिवळी पडून गळत होती. शेवटी आज ताईनं पराग काचेवर घेतले आणि वर लाल रंगाचा थेंब सोडला.

“बघा.” ती बाजूला झाली. “भरलेला कण लालबुंद होतो.”

भुंग्यानं डोळा लावला. “हे तर पाण्याचे बुडबुडे दिसतात.”

“टरफलं आहेत ती. आत काही नाही.”

“सगळी?”

“सगळी. दुसऱ्या फुलांचीही पाहिली.”

“अहो, पण फुलं बघा की! नवरदेवासारखी नटून बसलीत.”

“फूल उमलतं तेव्हा पराग घडून गेलेला असतो, काका. तो घडतो कळी गव्हाच्या दाण्याएवढी असताना. आत एकेका पेशीच्या चार होतात. त्यांच्याभोवती एक थर असतो, तो त्यांना भरवतो आणि भरवता भरवता स्वतः विरून जातो.”

“म्हणजे आईच की.”

“हो. पण उष्मा वाढला, की ती वेळेआधीच मरते. पोरं उपाशी. वरचं कवच तेवढं तयार होतं.” ताई थांबली. “मी बहिणीकडे गेले होते, तेव्हा इथं फार तापलं होतं का?”

भुंगा खिशातला कुंचला चाचपू लागला.

ताई बहिणीकडे गेली तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. ‘रात्री काचघराच्या झडपा लावा,’ एवढं सांगून गेली होती. भुंग्यानं लावल्या आणि दिवसा ऊन चढलं तरी उघडल्या नाहीत. एवढ्यावर थांबला तर तो भुंगा कसला! घरातला एकुलता हीटर त्यानं काखोटीला मारला. बायको रजईत खोकत होती.

“अहो, माझी ऊब कुठं पळवताय?”

“तुला मी आहे. त्या वेलाला कोण आहे?”

“तुम्ही? तुमच्या शेजारी ठेवला तर चहासुद्धा आधी गार होतो!”

हीटर वेलाखाली रात्रंदिवस तापला. भुंगा घामानं निथळत, बनियनवर, बारीक बारीक हिरव्या कळ्यांपाशी बसून राही. त्यांना गोष्टी सांगे.

“काका?”

“हीटर लावला होता,” तो म्हणाला. “घरचा. पोरं गारठू नयेत म्हणून.”

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त काच पुसली.

“आणखी कळ्या येतील की?”

“शेंडा वाळलाय, काका. आता नाही यायच्या.”

ती गेल्यावर भुंग्यानं झडपा उघडल्या. मग खिशातून कुंचला काढून रोजच्यासारखी फेरी पुरी केली. एकही फूल वगळलं नाही. पिवळी धूळ कुंचल्याच्या केसांना चिकटत होती, जशी कायम चिकटायची. शेवटी त्यानं कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेला हीटर उचलला.

“आला का माझा हीटर!” बायको रजईतून उठून बसली. थंडी केव्हाच सरली होती, खोकला मात्र राहिला होता. “म्हणजे धरलं वाटतं फळ?”

“धरलं,” भुंगा म्हणाला. ढीगभर थापा मारलेल्या माणसाची ही सगळ्यांत आखूड थाप. आणि जन्मभर एकही न पटलेल्या बाईला नेमकी हीच पटली.

“मग लावा की. बसा असे जवळ.”

त्यानं हीटर लावला. खिशातून डोकावणारा कुंचला तिनं ओढून घेतला आणि आपल्या पांढऱ्या वेणीशेजारी धरला. कुंचला काळाभोर होता.

“अगंबाई, हे माझे?”

“तुझेच.”

“किती धूळ बसलीय यावर!” तिनं फुंकर मारली.

धूळ उडाली. तापत्या तारेच्या उजेडात एकेक कण लालबुंद झाला, आणि खाली बसला.