नळाच्या पेल्यातलं तपकिरी विष

ईस्ट हार्लोच्या गावसभेला जेवढी माणसं जमतात, तेवढी गावच्या दफनभूमीतही नसतील; आणि दफनभूमीतली जरा शांत तरी असतात. पण त्या मार्चमध्ये सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. टेबलावर दोन पेले होते. पाणी गाळायची यंत्रं विकणाऱ्या डॉ. रोस्को क्रँडल यांनी (कसले डॉक्टर, हे अख्ख्या व्हर्मॉंट राज्यात कुणी विचारलं नव्हतं) दोन्हींत लोखंडी सळ्या सोडल्या नि बटण दाबलं. त्यांच्या यंत्रातून गाळलेलं पाणी आरशासारखं राहिलं. नळाचं पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग निव्वळ चिखल.

"बघा तुमचं फ्लोराइड! हे विष तुम्ही लेकरांना पाजता! पाणी खोटं बोलत नाही, मित्रहो!"

"अगं बाई, मी आजचे बीन्स याच पाण्यात शिजवलेत!" मागून कुणीतरी किंचाळलं.

भिंतीला टेकून उभा असलेला ऑरिन पेल्की, गावच्या पाणीघराचा माणूस, सगळं ओळखून होता. लोखंड, पाणी आणि वीज एकत्र आली की काय होतं, हे त्याला न कळायला तो काही डॉक्टर नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. पण दर आठवड्याला तोंडाला फडकं बांधून दात किडू नयेत म्हणून पाण्यात टाकायचं फ्लोराइडचं पोतं उचलताना त्याची कंबर मोडायची. बंद झालं तर बरंच, असं मन कुजबुजलं आणि जीभ टाळूला चिकटली. फ्लोराइड बंद करायला हात वर झाले. त्यात ऑरिनचाही होता.

तीन वर्षं कंबर सुखात राहिली. मग या हिवाळ्यात त्याच्या पाच वर्षांच्या नातीचे, टिलीचे, पाच दात भूल देऊन काढावे लागले.

"फ्लोराइड असतं तर वाचलेच असते, असं छातीठोक नाही सांगत," दातांची डॉक्टरीण म्हणाली. "पण भूल द्यावी लागलेलं गावातलं हे यंदाचं नववं मूल. पूर्वी वर्षाला दोन असायची."

घरी टिली म्हणाली, "आजोबा, सफरचंद किसून द्या ना, चावत नाही." ऑरिनने अख्खं सफरचंद किसून दिलं.

यंदाच्या सभेत फ्लोराइड पुन्हा सुरू करण्याचा ठराव आला, आणि पेले घेऊन क्रँडलही आला. पुन्हा चिखल, पुन्हा किंचाळ्या.

"सभापतीबाई, मला बोलायचंय."

हेस्टर डंकलीबाईंनी चष्मा वर केला. "ऑरिन? इतक्या वर्षांत तू सभेत फक्त शिंकलायस. बोल."

"फ्लोराइड तीन वर्षं टाकलेलंच नाही. मग आज हे विष कुठून आलं?"

क्रँडलने घसा खाकरला. "ते... पाइपांत साचलेलं असतं, साहेब."

"बरं." ऑरिनने सभेनंतरच्या जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी उचलली, क्रँडलच्या स्वच्छ पेल्यात मीठ टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं. काही मिनिटांत तेही तपकिरी झालं.

"गाळलेल्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून वीज जात नाही. नळाच्या पाण्यात आहेत, म्हणून जाते आणि सळ्या झिजतात. हा गाळ सळ्यांचा गंज आहे."

"म्हणजे डॉक्टर, तुमच्याच सळ्यांना दंतवैद्याची गरज आहे!" एक म्हातारा ओरडला. सभागृह हसलं. ऑरिन हसला नाही.

"फ्लोराइडचा खर्च माणशी वर्षाला एक पेला कॉफी. टिलीचे दात काढायच्या एका सकाळच्या बिलात अख्ख्या गावाचं वर्षाचं फ्लोराइड आलं असतं."

त्याची मुलगी, टिलीची आई जनेल, उभी राहिली. "बाबा, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"पोतं उचलायचा कंटाळा होता, पोरी."

आता कुणीच हसलं नाही.

"माझा राग करा, तो रास्तच आहे," ऑरिन म्हणाला. "पण मत देताना पाण्याचा रंग पाहू नका, आणि माझ्या शब्दावरही जाऊ नका. हे पेले, या सळ्या, ही मीठदाणी. स्वतः करून बघा. यंदा गावातल्या ज्या नऊ लेकरांना दातांसाठी भूल द्यावी लागली, त्यांची तोंडं उघडून बघा. मग हात वर करा."

लोक रांगेने पुढे आले. प्रत्येकाने गाळलेलं ताजं पाणी घेऊन त्यात चिमूटभर मीठ टाकून पाहिलं. मग ठरावाच्या बाजूने कोण, असं डंकलीबाईंनी विचारलं.

पहिला हात जनेलचा वर गेला. बापाकडे मात्र तिने पाहिलं नाही.